बाराखडीत घडलेलं डोकं इंग्रजी वाचताना का अडतं?

मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींकडून एक तक्रार मी नेहमी ऐकतो. इंग्रजी व्हिडिओ बघितला तर समजतो, गेममधल्या सूचना कळतात, पण तोच मजकूर स्क्रीनवर लिहून आला आणि कोणी "मोठ्याने वाच" म्हटलं की गाडी अडते. मग स्वतःच निकाल लावून मोकळे: आपलं इंग्रजीच कच्चं. या एका निकालापायी कितीजण इंटरव्ह्यूला जायचं टाळतात, वर्गात हात वर करत नाहीत. म्हणून यामागचं कारण नीट समजून घेऊया. ते भाषेत कमी आणि लिपीत जास्त आहे.

बोलायला मूल आपोआप शिकतं, घरात नुसतं ऐकून. वाचायला मात्र कुणीतरी शिकवावं लागतं. पहिल्यांदा वाचायला शिकताना आपण फक्त अक्षरं पाठ करत नाही. छापलेल्या खुणांमध्ये नेमकं काय शोधायचं, एका नजरेत किती उचलायचं, कशावर भरवसा ठेवायचा, ही सवयही तेव्हाच लागते. दुसरी भाषा वाचायला घेतली की ही सवय आपल्यासोबत येते. कधी ती मदत करते, कधी आडवी येते.

देवनागरीने लावलेली सवय

क, का, कि, की. बाराखडी घोकताना आपण एक करार शिकतो: जे दिसतं ते वाचायचं आणि प्रत्येक अक्षराने बोललंच पाहिजे. वाचनाचा तुकडा म्हणजे एक अख्खं अक्षर, व्यंजन आणि स्वर एकत्र बांधलेलं. इंग्रजीत तसं नाही. तिथे व्यंजन वेगळं, स्वर वेगळा, सगळे एका रांगेत उभे.

हे स्वतः बघायचं असेल तर फोन काढा. मराठी कीबोर्डवर "स्त्री" लिहा. डोळ्यांना ते एकच अक्षर दिसतं. आता बॅकस्पेस एकेकदा दाबत जा. बहुतेक फोनवर आधी फक्त वेलांटी जाईल, मग र, मग हलन्त, असं करत अक्षर थराथराने सुटत जाईल. कारण युनिकोडमध्ये ते सहा तुकड्यांत साठवलेलं असतं: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. फोनला सहा गोष्टी दिसतात, तुम्हाला एक. सहाची एक करणं हे तुमच्या मेंदूने दुसरी-तिसरीत कमावलेलं कौशल्य आहे, आणि ते स्वस्तात मिळालेलं नाही. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की अक्षरांचा हा सगळा पसारा पक्का व्हायला मुलांना चौथीपर्यंतचा काळ लागतो. कन्नडची लिपीही आपल्यासारखीच अक्षरांची. २६ अक्षरं ओळखायला एवढी वर्षं लागत नाहीत. आपल्या लिपीत मेहनत सुरुवातीला जास्त, पण एकदा जमलं की अनोळखी शब्दही वाचता येतो. "किंकर्तव्यमूढ" याचा अर्थ माहीत नसला तरी तुम्ही आत्ता तो वाचलात.

करार शंभर टक्के पाळला जातो असंही नाही. "चंद्र" आणि "चांदणं" यांतला च सारखा लिहितो, बोलतो वेगळा. "जग सुंदर आहे" आणि "मजेत जग" यांतला ज वेगळा. "करतो" लिहितो, म्हणतो "कर्तो". पहिली वेलांटी तर अजबच. "कि" लिहिताना ती क च्या आधी दिसते, उच्चारात नंतर येते. हिंदी वाचणाऱ्यांवरच्या प्रयोगांत असे शब्द वाचायला किंचित जास्त वेळ लागल्याचं आढळलंय. पण हे खड्डे आपण लहानपणीच ओलांडलेले असतात, म्हणून आता जाणवत नाहीत. मराठी शिकणाऱ्या हिंदी भाषकाला विचारा, तो लगेच सांगेल.

इंग्रजीने करार मोडला

अशा सवयीचं डोकं इंग्रजीसमोर बसतं. बी-यू-टी "बट", तर पी-यू-टी "पुट". ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं "दो", "थ्रू", "टफ" आणि "कॉफ" या चार शब्दांत चार वेगळे आवाज देतात. पाच स्वराक्षरांवर ब्रिटिश इंग्रजीतले वीसच्या आसपास स्वर भागवायचे म्हटल्यावर दुसरं काय होणार!

हे असं का झालं याची गोष्ट मोठी आहे, थोडक्यात सांगतो. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला आणि स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. नेमकं त्याच काळात लोकांच्या तोंडचे स्वर बदलत होते. लिखाण मागे राहिलं, बोलणं पुढे गेलं. "नाइट" म्हणजे सरदार, त्याच्या स्पेलिंगमधला के आणि जी-एच कधीकाळी खरंच उच्चारले जात.

हा त्रास फक्त आपल्याला होतो का? नाही. फिलिप सेमूर आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या १३ भाषांमधल्या मुलांची तुलना करून २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेचं पहिलं वर्ष संपताना फिनिश, ग्रीक, इटालियन, स्पॅनिश, जर्मन मुलं ओळखीचे शब्द ९० टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर वाचत होती. फ्रेंच, पोर्तुगीज, डॅनिश मुलं सत्तरीत. आणि इंग्रजी वाचणारी स्कॉटलंडची मुलं? ३४ टक्के. ती वयाने जरा लहान होती हे खरं, पण एवढी तफावत नुसत्या वयाने पडत नाही. घरात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचीही पहिल्या वर्षी अशी दमछाक होते, मग आपल्याला एक-दोन वर्षं जास्त लागली तर त्यात लाज कसली?

आपण मात्र यावर एक देशी जुगाड काढलेला असतो. "वेड-नेस-डे" असं मनात म्हणत बुधवारचं स्पेलिंग लिहायचं. "के-नाइफ". शाळेत सगळ्यांनी केलंय हे. म्हणजे स्पेलिंगला जबरदस्तीने बाराखडीत बसवायचं, प्रत्येक अक्षराला बोलायला लावायचं. परीक्षेत स्पेलिंग बरोबर येतं, पण वाचताना तोच खोटा उच्चार मध्ये उभा राहतो.

"पेन" म्हणजे लिहायचं की दुखायचं?

आता थोडी नाजूक गोष्ट. इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत आणि ॲपमध्ये शब्दाखाली देवनागरीत उच्चार दिलेला असतो. सुरुवातीला त्याचा आधार वाटतो. पण लिहायचं ते "पेन" आणि पेनकिलरमधलं "पेन" देवनागरीत सारखंच. इंग्रजीत एक पी-ई-एन, दुसरं पी-ए-आय-एन, आणि दोघांचा स्वरही वेगळा. परीक्षेची "टेस्ट" आणि जिभेची "टेस्ट" एकच झाली. "वेस्ट" तर कमालच: पश्चिम दिशा, वाया गेलेलं आणि बनियन, तिघांना एकच कपडा! "ॲ" आणि "ऑ" ही चिन्हं आपण इंग्रजी शब्दांसाठीच वापरात आणली, त्यामुळे "मॅन" आणि "मेन" तरी वेगळे झाले. पण सगळे फरक देवनागरीच्या चाळणीतून पार होत नाहीत. जो फरक चाळणीत अडकतो तो आपल्या कानालाही ऐकू येईनासा होतो. म्हणून माझं मत असं आहे: देवनागरीतला उच्चार पहिले काही दिवस बघावा, नंतर झाकून टाकावा.

याच उदाहरणांत इंग्रजी स्पेलिंगची एक चांगली बाजूही दिसते. ते आवाज नीट सांगत नाही, पण अर्थ बऱ्याचदा सांगतं. "राइट" ऐकलं तर लिहिणं की बरोबर, कळत नाही. स्पेलिंग बघितलं की लगेच कळतं. "साइन" मधला जी मुका असतो, पण "सिग्नेचर" मध्ये तोच बोलतो, आणि दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत हे डोळ्यांना कळतं. इंग्रजी निम्मं कानाने आणि निम्मं डोळ्याने वाचायचं असतं. आपल्या लिपीने कान तयार केलाय, डोळ्याला तेवढं काम दिलेलं नाही.

चिनी मुलांचं उलटं. त्यांच्या लिपीत एक चिन्ह म्हणजे साधारण एक अर्थपूर्ण शब्द किंवा शब्दाचा भाग, आणि चिन्ह बघून उच्चार सहसा पक्का सांगता येत नाही. मिन वांग, केइको कोडा आणि चार्ल्स परफेट्टी यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. इंग्रजी शिकणारे कोरियन आणि चिनी विद्यार्थी घेतले. पडद्यावर शब्द दाखवून विचारायचं, हे फूल आहे का? शब्द मात्र "रोझ" सारखाच ऐकू येणारा पण वेगळ्या स्पेलिंगचा, म्हणजे आर-ओ-डब्ल्यू-एस, "ओळी" या अर्थाचा. कोरियन विद्यार्थी अशा ठिकाणी जास्त फसले, कारण त्यांची लिपी आवाजाची आहे. त्यांनी शब्द मनात उच्चारला आणि फूल दिसलं. चिनी विद्यार्थी जास्त फसले ते स्पेलिंग मिळतंजुळतं असेल तिथे. दोघेही तीच इंग्रजी शिकत होते, चुका मात्र आपापल्या लिपीच्या करत होते.

अशा प्रयोगात मराठी वाचणारे कुठे बसले असते? माझ्या अंदाजाने कोरियनांच्या बाकावर.

कोरियन इतकं पटकन का जमतं

कोरियनांचा विषय निघालाच आहे. माझी मामेबहीण सध्या के-ड्रामाच्या नादाने ॲपवर कोरियन शिकतेय. तिला आठवड्याभरात हंगुल वाचता यायला लागलं आणि ती स्वतःच चकित झाली. त्यात चमत्कार काही नाही. राजा सेजोंगने १४४३ मध्ये तयार केलेल्या आणि १४४६ मध्ये जाहीर केलेल्या या लिपीत आज १४ व्यंजनं आणि १० स्वर अशी २४ मूळ अक्षरं आहेत. ती इंग्रजीसारखी रांगेत उभी न राहता एका चौकोनात एकत्र बसतात: व्यंजन, स्वर, लागलं तर खाली आणखी एक व्यंजन. व्यंजन आणि स्वर एकत्र बांधायचे ही कल्पना बाराखडीवाल्या डोक्याला नवीन नाही.

मग तिची गाडी एका जागी अडली. आभार मानताना ते लोक "काम्साहाम्निदा" म्हणतात, पण लिहितात "काम-सा-हाप-नि-दा". प लिहून म का म्हणायचा? मी तिला विचारलं, वाक् अधिक मय किती? "वाङ्मय." जगत् अधिक नाथ? "जगन्नाथ." क, त, प यांच्यापुढे नाकातला आवाज आला की तेही नाकात जातात. नियम तोच! फरक इतकाच, की आपण बदललेला आवाज लिहितो आणि कोरियन लोक मूळ आवाज लिहून बदल वाचणाऱ्यावर सोडतात. शाळेतली व्यंजनसंधी कुठे कामी येईल सांगता येत नाही.

जपानीतही सुरुवातीला ओळखीची खूण भेटते. तिथल्या काना अक्षरांचा क्रम अ, क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. आपली वर्णमाला आठवतेय ना? बौद्ध भिक्खूंच्या संस्कृत अभ्यासातून तो क्रम तिकडे पोचला. आजच्या ह च्या जागी जुन्या जपानीत प होता हे कळलं की तर जास्तच जुळतं. पण ही मैत्री ४६ मूळ चिन्हांपुरतीच. पुढे कांजी येते, नेहमीच्या वापराच्या सरकारी यादीत २,१३६ चिन्हं, आणि एकाच चिन्हाचे दोन-तीन उच्चार. तिथे आपला कान फारसा उपयोगाचा नाही, सगळी मेहनत डोळ्याची.

लिपी तीच, तरी घोटाळा

लिपी सारखी असली की प्रश्नच नाही असं वाटेल. हिंदी वाचताना आपण हेच गृहीत धरतो, न शिकता सरळ वाचायला लागतो. "पैसा" आपण "पइसा" च्या जवळ म्हणतो, हिंदीवाले "पॅसा" च्या जवळ. "और" मध्ये आपण "अउर" करतो, ते "ऑर" करतात. "चाचा" वाचताना मराठी मुलाच्या तोंडी चाकातला च येतो. लिपी एक असल्यामुळे नवीन काही शिकायचं आहे हेच लक्षात येत नाही, आणि मग वर्षानुवर्षं हिंदी मराठी चालीत वाचली जाते. अनोळखी लिपी निदान सावध तरी करते.

आणखी एक गट आहे, ज्याच्याबद्दल कमी बोललं जातं. इंग्रजी माध्यमात शिकलेली, घरात अस्खलित मराठी बोलणारी मुलं. यांची पहिली वाचनलिपी रोमन. मराठीचं पुस्तक हातात दिलं की जोडाक्षरापाशी थांबतात, चार ओळींनी कंटाळतात, आणि घरचे म्हणतात "याला मराठीची आवडच नाही." आवडीचा संबंध नाही हो, सहाची एक करायचा सराव झालेला नाही! त्यांच्यासाठी मराठी बोलण्यात पहिली भाषा आहे आणि वाचण्यात दुसरी.

व्हॉट्सॲपवरच्या रोमन मराठीने हा सराव आणखी कमी केला. ती सवय जुनी. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरं १६० बसायची आणि देवनागरी फक्त ७०, मग पैसे वाचवायला लोक काय करणार? पण रोमनमध्ये के-ए-एल लिहिलं तर ते काल, काळ, कळ की कल, हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचं. म्हणजे जी लिपी आवाज नेमका सांगत होती तिला आपण इंग्रजीच्या पातळीवर आणून ठेवलं. कीबोर्डवर रोमन टाइप करून वर आलेला देवनागरी शब्द निवडणं हा मधला मार्ग आहे. पण त्यात आपण अक्षर फक्त ओळखतो, बांधत नाही. लहान भावंडांना तरी थेट देवनागरी कीबोर्ड लावून द्या असं मी म्हणेन.

फोन कुठे कामाला येतो

इंग्रजीसाठी डोळा आणि कान एकत्र वापरायचे असतील तर फोनसारखं साधन नाही. इंग्रजी व्हिडिओला सबटायटल इंग्रजीच ठेवा. हिंदी ठेवलंत तर डोळा हिंदी वाचतो, कान इंग्रजी ऐकतो आणि दोघांची गाठच पडत नाही. ऐकू येणाऱ्याच भाषेत सबटायटल द्यायची कल्पना ब्रिज कोठारी यांनी अहमदाबादच्या आयआयएममध्ये १९९० च्या दशकात मांडली आणि ती पुढे दूरदर्शनवरच्या सिनेमाच्या गाण्यांना वापरली गेली. गाणं तोंडपाठ असतं, त्यामुळे खालच्या ओळी डोळे आपोआप वाचत जातात. हीच युक्ती तुमच्या आवडत्या इंग्रजी गाण्याला लावून बघा, बहुतेक म्युझिक ॲपमध्ये बोल दिसतात.

शब्द एकेका अक्षराने न फोडता तुकड्यांनी उचला. टी-आय-ओ-एन दिसलं की "शन". आय-जी-एच-टी दिसलं की "आइट". हे तुकडे म्हणजे इंग्रजीची जोडाक्षरं समजा. तुम्ही "क्ष" आणि "ज्ञ" नाही का असेच अख्खे लक्षात ठेवलेत? त्यांच्या पोटात काय आहे हे दरवेळी कोण बघतं!

शब्द अडला की त्यावर बोट दाबून धरा आणि वाचून दाखवायचा पर्याय आला तर आधी ऐका, मग स्पेलिंगकडे बघत स्वतः म्हणा. मात्र मराठी मजकूर ऐकायचा असेल तर एक तपासून घ्या. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टेक्स्ट-टू-स्पीच इथे जाऊन भाषा मराठी आहे ना ते बघा. फोनच्या कंपनीप्रमाणे हा रस्ता थोडा बदलतो. तिथे हिंदी आवाज निवडलेला असेल तर चाकाचा च चंद्राच्या च सारखा ऐकू येईल. मराठी आवाज लावून त्याला "जग सुंदर आहे, मजेत जग" हे वाक्य वाचायला द्या, आणि दोन्ही ज वेगळे येतात का ते कान देऊन ऐका.